स्टेअरिंग नसलेली गाडी

चहाच्या कागदी कपाचं तोंड त्याच्या बुडापेक्षा करंगळीभर रुंद असतं. विंझरच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीच्या शाळेतले हेडमास्तर आनंदराव आयुष्यभर चहा पीत आले, पण हे त्यांच्या ध्यानात आलं ते रत्ना मॅडमनी दोन कप तोंडाला तोंड लावून चिकटवले तेव्हा.

मॅडम पोरांना रेल्वे शिकवत होत्या. वाडीतल्या एकाही पोरानं आगगाडी पाहिलेली नव्हती. सहल पुणे स्टेशनवर न्यावी म्हणून मॅडम दरवर्षी मागे लागत. आनंदराव "बघू" म्हणत आणि सहल तोरण्याला नेत, जिथल्या उतारावर ही पोरं एरवी बकऱ्याच चारत. खरं कारण निराळंच होतं. तरुणपणी आनंदराव पुण्याहून मिरजेला जायला म्हणून आगगाडीत बसले आणि भलतीकडेच, दौंडला उतरले. तेव्हापासून त्यांचा भरवसा फक्त एसटीवर. तिथं निदान कंडक्टरला विचारता येतं. उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. एवढी एक सहल गडावर काढली की सुटले.

"सर, रेल्वेला स्टेअरिंग नसतं म्हणं!" टेम्पोवाल्या एहसानची यास्मिन ओरडली.

"असतं की. वळणावर डायवर फिरवतो," आनंदराव ठामपणे म्हणाले. नोकरीभर ते हेच शिकवत आले होते.

मॅडमनी बांबूच्या दोन काठ्या रुळांसारख्या पुस्तकांवरून उतरत्या ठेवल्या आणि जोडलेले कप वरून सोडले. कप डावीकडे सरकले, सावरले, उजवीकडे सरकले, पुन्हा सावरले आणि बिनबोभाट खाली पोचले.

"रेल्वेची चाकंही आतल्या बाजूला किंचित मोठ्या घेराची असतात," त्या म्हणाल्या. "गाडी एका अंगाला सरकली की तिकडचं चाक मोठ्या घेरावर चालतं. एका फेऱ्यात ते जास्त अंतर कापतं, आणि गाडी आपोआप वळते."

"मेंढरं वळवल्यावानी!" मेंढरंवाल्या हरिबाची आरती म्हणाली. "भाइरच्या अंगाची जास्त पळत्यात, मग कळप वळतो."

"अगदी तस्संच."

आनंदरावांनी स्वतः कप घेतले आणि मुद्दाम वाकडे सोडले. तरीही मेले सरळच झाले.

"मग डायवर काय करतो वो सर?" मागच्या रांगेतल्या समर्थनं विचारलं.

"काय करतो म्हणजे? भोंगा वाजवतो. गाडी थांबवतो."

"म्हंजी आपले सरच की!" यास्मिन म्हणाली. "रोज शिट्टी वाजवत्यात, आन् दरसाल सहल गडावरच थांबवत्यात."

वर्ग खदाखदा हसला. मॅडम फळा पुसायला वळल्या. फळा कोरा होता आणि त्यांचे खांदे हलत होते. आनंदरावांनी तावातावानं शिट्टी तोंडाशी नेली आणि तिथंच थबकले. आता वाजवली, तर पोरीचंच खरं.

त्यांनी शिट्टी खिशात घातली.

"औंदा गड न्हाई," ते म्हणाले. "पुणे ठेसन. आन् नुसतं बघायचं न्हाई, गाडीत बसायचं. ती कुठं जाती, ते तेवढं मॅडम आधी विचारतील."