गुडघ्याचे माप

"हलू नकोस," क्लेम म्हणाला आणि मोजपट्टीची पोलादी जीभ त्याने रोवेनाच्या टाचेपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत ताणली.

"गार आहे रे ती पट्टी!"

"साडेअठरा इंच. डॉक्टर म्हणतात ना, खुबा गुडघ्याच्या वर राहिला पाहिजे? मग वीस धरू."

"वीस? अरे, हे तर सिंहासन झालं. मुकुटही करणार का?"

"लाकूड उरलं तर करीन."

कालव्याच्या काठावर दुधाच्या उलट्या क्रेटवर रोवेना बसली होती आणि तिच्यासमोर क्लेम गुडघे टेकून बसला होता. 'डेझी मे' या आपल्या राहत्या नावेच्या स्वयंपाकघरात त्याची बायको थेल्मा बटाटे सोलत होती. नावेच्या आत उभे राहिले की माणसाचे डोळे नेमके काठाच्या वाटेच्या पातळीला येतात. गेली एकोणीस वर्षे या अरुंद खिडकीतून थेल्माने जग गुडघ्यापर्यंतच पाहिले होते: बूट, कुत्र्यांचे पंजे, सायकलींची चाके. आज त्या चौकटीत एक गुडघा होता, आणि त्याच्यामागे तिच्या नवऱ्याचा हात. तो हात काही वावगे करीत नव्हता. तो फक्त मोजत होता. पण आपल्या शरीराचे कुठलेही माप या माणसाने कधी घेतल्याचे थेल्माला आठवेना. तिच्या हातातला बटाटा सोलता सोलता अक्रोडाएवढा उरला.

क्लेम आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस. आता सत्तरीला टेकला होता, तरी लाकूड हातात आले की त्याचा चेहरा उजळे. तो रोवेनासाठी खताचा, म्हणजे मैल्याचे खत करणारा संडास करीत होता. रोवेनाची नाव 'हेरॉन' दोन उन्हाळे त्यांच्या नावेच्या पुढेमागे असे. कायमचा धक्का नसलेल्या नावांना दर चौदा दिवसांनी मुक्काम हलवावा लागतो. नवरा गेराल्ड गेल्यापासून रोवेना एकटी होती आणि वसंतात तिचा खुबा बदलला होता. नावेवरच्या साध्या संडासाखाली प्लास्टिकची टाकी असते. ती भरली की ओढत नेऊन ठरलेल्या जागी रिकामी करावी लागते. भरलेल्या टाकीचे ते वीस-बावीस किलो आता रोवेनाला उचलणे शक्य नव्हते.

"फिलिपानं अट घातलीय," चहा पिताना ती हसत म्हणाली होती. फिलिपा तिची मुलगी, हॅरोगेटला राहणारी. "'आई, स्वतःचा संडास स्वतःला सांभाळता येतो तोवर खुशाल राहा नावेत. नाही जमलं, की त्या दिवशी सामान बांधायचं.' तिनं खोलीसुद्धा बघून ठेवलीय, माहितेय? खिडकीतून गाड्यांचं पार्किंग दिसतं. थेल्मा, माझं अख्खं आयुष्य आता तुझ्या नवऱ्याच्या करवतीवर आहे बघ!"

थेल्मा हसली होती. हसणे तिला जड गेले नाही. जड गेले ते नंतर, क्लेमने अ‍ॅश लाकडाच्या बैठकीला तिसऱ्यांदा पॉलिशपेपर मारला तेव्हा.

'डेझी मे'वरची टाकी दर तिसऱ्या दिवशी थेल्मा नेत असे. हे कुणी ठरवले नव्हते. पहिल्या हिवाळ्यात क्लेमची पाठ धरली होती, तेव्हा तिने ती उचलली आणि पुढे कुणी ती तिच्या हातातून घेतली नाही. बर्फात, चिखलात, पाहुण्यांच्या देखत ती दोनचाकी गाडीवर टाकी बांधून निघे.

त्या संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "आपल्याकडे नाही केलास कधी."

"काय?"

"संडास. असा."

क्लेमने काटा खाली ठेवला. तो खरोखरच आठवू पाहत होता. "तू कधी म्हणालीस?"

थेल्माने त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.

"जड होतं का तुला ते?"

"नाही," ती म्हणाली आणि उठून चुलीवरची किटली हलवली, जिला हलवायची काहीच गरज नव्हती.

संडास बसवून झाला तेव्हा रोवेनाने आल्याचा केक केला. कोळशाची नाव घेऊन फिरणारा बर्नी पोती उतरवायला आला होता. तोही कप घेऊन दारात उभा राहिला. क्लेमने झाकण उघडून दाखवले. पुढच्या अंगाला नरसाळे होते. त्यातून मूत्र बाटलीत जाई. मागे बादली, तिच्यात बाकीचे पडे आणि वर मूठभर भुसा.

"दोन्ही वेगळं राहिलं की काही वास नाही," क्लेम म्हणाला. "जंगलातल्या मातीसारखं होतं. वर्षभर मुरलं की झाडाला घालायचं. पण दोन्ही एकत्र आलं, की संपलं. सगळी गोम या नरसाळ्यात आहे. रोवेना जरा डावीकडे कलून बसते, म्हणून ते मी डावीकडे सरकवलंय."

"लोक बायकांसाठी महाल बांधतात," बर्नी म्हणाला, "आणि आमचा हा गडी! काय पोरी," साठीच्या थेल्माकडे वळून त्याने डोळा मारला, "तुझा नंबर कधी?"

"माझी बैठक सरळ आहे, बर्नी. मला कुठंही चालतं."

सगळे हसले. क्लेमसुद्धा. रोवेना कशी बसते, डावीकडे की उजवीकडे, हे त्याला ठाऊक होते. केकचा घास थेल्माच्या तोंडात फिरत राहिला.

चौदाव्या दिवशी मुक्काम हलला. रोवेनाला फार वेळ उभे राहवत नसे, म्हणून 'हेरॉन'चे सुकाणू क्लेमने धरले. मागून 'डेझी मे' थेल्मा एकटी आणत होती. या कालव्यावर शेतांना जोडणारे फिरते पूल फार. एकाने उतरून पुलाचा दांडा पाठीने रेटायचा, पूल बाजूला फिरला की नाव पार होईतो तो धरून ठेवायचा. ठरले असे होते, की थेल्माने आपली नाव बांधून पूल उघडायचा, क्लेमने 'हेरॉन' पार नेऊन लावायची आणि परत येऊन पूल धरायचा, म्हणजे थेल्माला आपली नाव आणता येईल.

तिने पाठ लावली. पूल कुरकुरला, मग वळला. 'हेरॉन' समोरून गेली. रोवेनाने पिवळ्या कपातून क्लेमला चहा दिला. त्याने सुकाणूवरचा हात न काढता तो दुसऱ्या हातात घेतला आणि कशावर तरी मान मागे टाकून हसला. नाव पुढे गेली. जिथे लावायची तिथे लागली नाही. वळणावर विलोच्या फांद्यांनी तिला आधी अर्धे, मग पूर्ण पुसून टाकले.

रस्त्यावर एक ट्रॅक्टर येऊन थांबला होता. थोड्या वेळाने त्यावरच्या माणसाने इंजिन बंद केले.

"एकट्याच आहात का, बाई?"

"नाही," थेल्मा म्हणाली. "नवरा आहे. पुढे गेलाय."

दांड्याला पाठ टेकून ती उभी राहिली. पाण्यावरची लाट हळूहळू काठाला लागून शांत झाली, तरी वळणावरून कुणी आले नाही. शेवटी ट्रॅक्टरवालाच उतरला आणि त्याने पूल धरला. अर्ध्या तासाने ती पुढच्या धक्क्याला पोचली तेव्हा क्लेम कपाळावर हात मारीत धावत आला. "अगं, बोलता बोलता विसरलोच बघ! माझं डोकं!" त्याने माफी मागितली, दोर घेतला, तिच्यासाठी चहा टाकला. सगळे मनापासून. म्हणूनच तिला रागावता येईना, आणि जे रागावता येत नाही ते आत उतरून कुजू लागते.

दोन दिवसांनी फिलिपा रोवेनाला तपासणीसाठी दवाखान्यात घेऊन गेली. "मांजराला तेवढं बघ हं. किल्ली जिरेनियमच्या कुंडीखाली."

थेल्माने मांजराला खायला घातले. मग ती त्या छोट्या खोलीत गेली. खोलीला लाकडाचा आणि मेणाचा वास होता. बैठकीच्या कडेवरून तिने बोट फिरवले. कुठेही एक कुसळ लागले नाही. तिने झाकण उचलले, बाटली काढली आणि मागच्या बादलीत ओतली. भुसा आधी तरंगला, मग काळा पडून खाली बसला. तिने वर कोरड्या भुशाची एक मूठ टाकली, बाटली धुऊन जागी ठेवली, हात धुतले आणि किल्ली कुंडीखाली सरकवली.

रोवेना व्यायामाच्या वर्गाला मंगळवारी आणि शुक्रवारी जाई. थेल्माने ते आणखी दोनदा केले.

जूनचा उकाडा होता. दहा दिवसांत 'हेरॉन'च्या खिडक्यांशी माश्या घोंगावू लागल्या. काठावरून जाणारे चालण्याचा वेग वाढवीत. क्लेमने सगळा संडास उकलून पाहिला, पुन्हा जोडला, पुन्हा उकलला.

"लाकूड ठीक आहे. नरसाळं ठीक आहे. माप तर दोनदा घेतलंय मी," तो ताटाकडे बघत म्हणाला. मग आवाज खाली आणून, "बहुतेक कधी, कुठं होतं ते तिलाच कळत नाही गं. ऑपरेशननंतर होतं असं म्हणे. आता हे तिला सांगणार कोण?"

थेल्माला वाटले होते, संडास फसेल. क्लेमचा हात फसेल, आणि तो हात आपल्या दारी परत येईल. फसले ते रोवेनाचे शरीर, असे सगळे धरून चालतील, हे तिच्या मनात आले नव्हते. ते खरेच आले नव्हते का, हा प्रश्न तिने त्या क्षणी स्वतःला विचारला नाही.

सांगायला कुणाला जावे लागले नाही. रोवेना चहाला येईनाशी झाली. दोरीवर रोज चादर दिसू लागली. भेटेल त्याची ती माफी मागे: "वास येतोय ना? मी बघते हं." आणि एका बुधवारी तिने स्वतःच फिलिपाला फोन केला.

शनिवारी सकाळी थेल्मा 'हेरॉन'वर गेली. रोवेना कप वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"रोवेना, ते मी केलं."

"काय गं?"

"बाटली. मी ओतत होते बादलीत. तीनदा. तुला काही झालेलं नाही. तुझं शरीर अगदी ठीक आहे. जाऊ नकोस."

रोवेनाच्या हातात पिवळा कप होता. तो तिने खाली ठेवला. थेल्मा वाट पाहत होती. शिवीची, थपडेची, कशाचीही. रोवेनाने हात पुढे केला आणि तिचा गाल धरला.

"किती चांगली आहेस गं तू."

"अगं, खरं सांगतेय मी! मी जळत होते. तुझा गुडघा..."

"पुरे. गेराल्डला शेवटी शेवटी मी रोज सांगायचे, चादर मांजरानं ओली केली म्हणून. मांजर तेव्हा आमच्याकडे नव्हतंसुद्धा." ती हसली, डोळे मात्र हसले नाहीत. "हे खोटं मला ओळखू येतं, थेल्मा. माझ्यासाठी कुणी बोलेल असं वाटलं नव्हतं. फक्त क्लेमला सांगू नकोस. इतक्या मनानं केलं होतं त्यानं. वाईट वाटेल त्याला."

बाहेर फिलिपाने गाडीचे दार लावले. थेल्मा बाहेर आली तेव्हा क्लेम एक खोके हातात घेऊन वाटेवर उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिले. तोंडापर्यंत आलेले वाक्य तिथेच थांबले. रोवेनाने नको म्हटले म्हणून, असे तिने मनाशी म्हटले. आणि ते खरे नाही, हेही त्याच मनाने ऐकले.

ऑगस्टमध्ये 'हेरॉन' विकली गेली. नव्या मालकांना जुनाच, टाकीचा संडास हवा होता. रोवेनाचे पत्र आले, अक्षर पूर्वीसारखेच ठसठशीत: माझे सिंहासन थेल्माला द्या.

क्लेमने दोन दिवस खपून ते 'डेझी मे'त बसवले. जुनी टाकी शेवटची रिकामी करायला त्याने स्वतः, भरलेलीच, उचलून काठावर ठेवली. ठेवताना तो वाकलेलाच राहिला क्षणभर. "बाप रे," तो म्हणाला, "हे तू इतकी वर्षं..."

थेल्माने आत जाऊन दार लावले आणि बसली. लाकूड गुळगुळीत होते, किंचित उबदार. खिडकीतून काठाची वाट दिसत होती. कुणाचे तरी बूट गेले, मागून एक म्हातारे कुत्रे. तिने पाय खाली सोडले. ते जमिनीला टेकले नाहीत. दीड-दोन इंच हवा उरली.

"उंच होतंय का?" दारापलीकडून क्लेमने विचारले. "खालून कापून देतो. नव्यानं माप घेऊ. अर्ध्या तासाचं तर काम."

थेल्मा लहान मुलीसारखे लोंबकळणारे आपले पाय बघत होती.

"नाही," ती म्हणाली. "बरोबर आहे."

मग हात लांब करून तिने डब्यातला भुसा मुठीत घेतला.