ठिगळांचा फोल्डर

कार्यक्रम पाचला होता आणि रांग तीनपासून लागली होती. सभागृहाच्या पायऱ्या उतरून ती औषधांच्या दुकानावरून गेली होती आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या दारात जाऊन टेकली होती. त्याने वैतागून पाटी लावली होती: "आत्म्याची चौकशी येथे करू नये." तरी लोक करतच होते.

आईला हाताला धरून ताई त्या रांगेच्या कडेने चालली होती. आईच्या डाव्या पावलाला पट्टी होती, त्यामुळे दर चार पावलांवर थांबावं लागत होतं आणि थांबलं की रांगेतलं बोलणं कानावर पडत होतं.

"मागच्या वेळी मी ह्यांच्या बदलीचं विचारलं," एक जाडसर चष्म्याची बाई सांगत होती. "स्पष्ट हो म्हणाला."

"मग झाली बदली?"

"होईल की! हो म्हणालाय म्हटल्यावर!"

ताई तिच्यापाशी थांबली. पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढून तिने तिच्या हातात दिला. "एवढा सांभाळाल? आत्ता उघडू नका. मी स्टेजवरून सांगेन तेव्हा मोठ्याने वाचा."

"तुम्ही त्याची ताई ना?" बाईचे डोळे भरून आले. तिने कागद छातीशी धरला. ताईचे डोळे काही भरले नाहीत. आठ महिने ते भरत नव्हते.

ज्याला भेटायला एवढी गर्दी लोटली होती तो आठ महिन्यांपूर्वी गाडीच्या अपघातात वारला होता. जग त्याला खुळखुळा म्हणायचं. कॉलेज अर्धवट सोडून घरी बसलेला हा मुलगा एके दिवशी डब्याला मोबाइल टेकवून स्वयंपाकघरात उभा राहिला आणि फोन कंपनीच्या ग्राहकसेवेत पाऊण तास अडकलेल्या माणसाची नक्कल केली. ताईने त्यातलं पाऊण मिनिट तेवढं ठेवलं, बाकी कापलं, दोन ठिकाणी शांतता ठेवली आणि व्हिडिओ टाकला. सकाळी उठून पाहतात तर चार लाख लोकांनी पाहिलेला. मग हा खुळखुळा थांबलाच नाही. घरमालक, दंतवैद्य, लग्नाला आलेली आत्या, लिफ्टमधली शांतता, सगळ्यांच्या नकला झाल्या. नऊ वर्षांत सहाशे व्हिडिओ. बोलायचा तो, आणि कापायची ताई. त्याचा श्वास कुठे तुटतो, हसण्याआधी गाल कसा हलतो, हे तिला पाठ होतं. तो गेला त्या दिवशी तिने कॉम्प्युटर बंद केला तो केलाच. चहा गार झाला तर गार प्यायची. कोणी काही विचारलं तर हो म्हणायची.

अशाच एका दुपारी खुळखुळ्याचा मॅनेजर आला. "आठवणींचा एक छान व्हिडिओ करू. जुनी हार्ड डिस्क देता?" ताईने कपाट उघडून डिस्क दिली. कशाला, कोणती, काही विचारलं नाही. दोन महिन्यांनी तो मॅनेजर खुळखुळ्याच्या आत्म्याचा दूत झाला.

आता त्याच्या अंगावर मोतिया रंगाचा कोट असायचा आणि आवाज सर्दी झाल्यासारखा हळू. "आत्मा म्हणजे काय? सिग्नल! शरीर म्हणजे काय? हँडसेट! हँडसेट फुटला म्हणून सिग्नल जातो का?" लोक म्हणायचे, नाही. "पण पूर्ण वाक्य बोलायला त्याला फार शक्ती लागते हं. म्हणून तो हो म्हणेल, नको म्हणेल, थोडं थांब म्हणेल. जास्त ताणू नका त्याला." मग भल्यामोठ्या पडद्यावर खुळखुळा यायचा. खुर्चीत बसलेला, ऐकत असलेला. फॉर्मवर आधीच लिहून घेतलेला प्रश्न दूत स्वतः वाचायचा, आणि वाचता वाचता असा वळवायचा की उत्तर हो नाहीतर नको यावं. खुळखुळा पडद्याच्या उजव्या कडेबाहेर क्षणभर बघायचा, मग समोर बघून बोलायचा. त्या बघण्यावर तर लोक वेडे झाले होते. "बघा, पलीकडच्यांना विचारून सांगतोय!" दूत कुजबुजायचा, आणि सभागृहात शहारा उठायचा.

आई पहिल्या रांगेत बसायची. मुलगा गेल्यापासून तोंडात घास न धरणारी आई या कार्यक्रमाच्या दिवशी साडी बदलायची, केस विंचरायची. ताईला वाटलं, जाऊ दे. आठवड्यातून दोन तास ती माणसात येते, तर येऊ दे.

मग एकदा आईने विचारलं, "मी साखरेची इंजेक्शनं घेत राहू का रे? फार कंटाळा आलाय." दूताने प्रश्न गोड आवाजात परत वाचला. खुळखुळ्याने उजवीकडे बघितलं, कानाची पाळी चोळली, हसू दाबलं आणि म्हणाला, "नको गं, नको."

आईने त्या दिवसापासून सुई बंद केली. ताईला ते सतरा दिवसांनी कळलं, पायाच्या बोटाला पू झाला तेव्हा. डॉक्टरांनी पट्टी सोडली, पुन्हा बांधली आणि ताईला बाहेर बोलावलं. "बोटाचं मी आज काही सांगू शकत नाही. पाय वाचवायचा तर इंजेक्शन आजपासून. ऐकत नसतील तर तुम्ही ऐकायला लावा."

"आई, तो व्हिडिओ जुना आहे गं. माझ्याच डिस्कमधला आहे."

"तुला काय माहीत?"

"घरी दाखवते तुला. मी उघडते कॉम्प्युटर."

"तू उघडशील आणि तू बनवशील!" आई कडाडली. "आयुष्यभर तेच केलंस ना? त्याचं हसणं इथलं तिथे लावलंस. तुझ्या मशीनमधलं मला काही दाखवू नकोस. तिथे तो स्वतः बोलतो माझ्याशी. आणि तू? तू रडलीस तरी का त्याच्यासाठी?"

ताई नाही म्हणाली. खरं तेच होतं. बोलणं झोंबायला हवं होतं, पण बधिर केलेल्या दाढेसारखं, काही तरी खुपसलं गेलं एवढंच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कॉम्प्युटर सुरू केला. डिस्क गेली होती, पण कॅमेऱ्यातून उतरवलेलं, न कापलेलं सामान तिच्याकडेच होतं. फोल्डरचं नाव 'ठिगळं'.

त्याचं असं होतं की खुळखुळा बोलताना मधेच वाक्य खायचा. तेवढा तुकडा कापून तिथे दुसरं काही तरी लावावं लागे, फाटक्या कोपराला लावतात तसं. म्हणून वर्षातून एक दिवस ताई त्याला खुर्चीत बसवून नुसती ठिगळं भरून घ्यायची. हसत हो, गंभीर हो, थोडं थांब, होईल सगळं, नको, आणि दहा दहा मिनिटं नुसतं ऐकत बसणं. चार शर्ट बदलून, म्हणजे वर्षभराच्या व्हिडिओंत कुठेही खपतील. कॅमेऱ्याच्या उजव्या हाताला ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची. तो तिच्याकडे बघायचा, ती बोटाने खूण करायची, मग तो बोलायचा. ती नजर ताई दर वेळी कापून टाकायची. दूताने तिचा आवाज कापला होता, पण ती नजर कापायचं त्याला सुचलं नव्हतं.

ताईने एकेक ठिगळ आवाजासकट ऐकलं. एक तिने दोनदा ऐकलं आणि मोबाइलमध्ये उतरवून घेतलं. मग तिने दूताला फोन केला. "मला एकदा स्टेजवर येऊन त्याला विचारायचंय." दूताला आभाळ ठेंगणं झालं. आई होतीच, आता बहीण! त्याने जाहिरातीत तिचा फोटो टाकला.

आणि आज ती त्या स्टेजवर उभी होती. पडद्यावर खुळखुळा ऐकत बसला होता, चौकडीच्या शर्टात. खाली पहिल्या रांगेत आई पाय पुढे करून बसली होती.

"विचारा, ताई," दूत म्हणाला. "मन मोकळं करा. तो ऐकतोय."

"मागे आईने विचारलं तेच विचारते," ताई माइकमध्ये म्हणाली. "आईने इंजेक्शन घ्यावं का?"

दूत क्षणभर घुटमळला. पण मागे नको म्हणून आज हो म्हणायचं म्हणजे आत्म्याची जीभ घसरते हे कबूल करणं. त्याने डोळे मिटून प्रश्न पुन्हा म्हटला. खुळखुळ्याने उजवीकडे बघितलं, कानाची पाळी चोळली, हसू दाबलं. "नको गं, नको."

टाळ्या पडल्या. ताईने त्या संपू दिल्या. मग ती म्हणाली, "रांगेत मी एका बाईंकडे कागद दिलाय. त्यांनी तो आता वाचावा."

जाड चष्म्याची बाई उठली. तिने कागदाची घडी उघडली. "निळा शर्ट असेल तर... डोळे मिटेल आणि नुसतं नको म्हणेल. पांढरा शर्ट असेल तर हात हलवून नको म्हणेल. राखाडी शर्टात नको नाही, विसरलं होतं. चौकडीचा शर्ट असेल तर..." ती थांबली. तिने पडद्याकडे पाहिलं. "चौकडीचा असेल तर उजवीकडे बघेल, कानाची पाळी चोळेल, हसू दाबेल आणि म्हणेल, नको गं, नको."

पुढच्या रांगांतली माणसं मागे वळून बाईकडे बघू लागली.

"ताईंनाही आत्म्याचा संकेत मिळाला होता!" दूत घाईघाईने म्हणाला. "रक्ताचं नातं आहे!"

"संकेत नाही. हे चित्रीकरण मी केलंय, अडीच वर्षांपूर्वी, आमच्या घरी. तो उजवीकडे बघतो ना, तिथे मी बसले होते. आता आवाजासकट ऐका." तिने मोबाइल माइकला लावला.

आधी तिचाच आवाज आला, कंटाळलेला. "आता नको म्हण. वैतागल्यासारखं."

"नको."

"हे रडल्यासारखं झालं. परत."

मग लांबून, भिंतीपलीकडून, भांड्यांच्या आवाजातून एक तिसरा आवाज. "अरे, तिसरा कप टाकू का तुझा? मग झोप येत नाही म्हणून माझ्या नावाने ओरडायचं नाही!"

"नको गं, नको!"

आणि पुन्हा ताई, हसत. "हे छान आलं. हेच ठेवू."

ताईने मोबाइल खाली घेतला. तिने आईकडे पाहिलं. आईचं तोंड अर्धवट उघडं होतं. आपलाच आवाज ओळखायला माणसाला थोडा वेळ लागतो. तो लागला आणि मग आई हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चहाला. चहाला नको म्हणाला होता तो."

"फसू नका!" दूत ओरडला. सर्दी एकदम बरी झाली होती. "मशीनमध्ये काय वाटेल ते बनवता येतं!"

"अहो, तेच तर त्या सांगताहेत!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि सभागृह हसलं. तेव्हा पडद्यामागे बटणं दाबणाऱ्या माणसाच्या हातून काय झालं कोण जाणे, खुळखुळा उजवीकडे बघून गंभीरपणे म्हणाला, "हो." मग पडदा काळा झाला.

लोक लगेच शहाणे झाले असं मुळीच नाही. काही दूताच्या अंगावर धावून गेले, काही ताईच्या. एक म्हातारा तिला म्हणाला, "आमचं एवढं एक होतं, तेही मोडलंस." जाड चष्म्याची बाई दारात भेटली. कागद अजून तिच्या हातात होता. "मग आमच्या बदलीचं काय हो?"

"अर्ज केलाय का?"

"नाही. हो म्हणाला होता ना."

"अर्ज करा," ताई म्हणाली.

घरी जाताना टॅक्सीत आई खिडकीबाहेर बघत होती. दोन सिग्नल गेल्यावर तिने विचारलं, "तो दर वेळी तुझ्याकडे बघत होता?"

"दर वेळी."

"आणि मी तिथे पलीकडेच होते."

"हो."

घरी आल्यावर आईने फ्रिजमधून इंजेक्शनची डबी स्वतः काढली आणि ताईपुढे ठेवली. ताईने सुई लावली, मात्रा दोनदा तपासली. आईने पदर बाजूला केला आणि नजर ताईवर ठेवली, खुणेची वाट बघत असल्यासारखी. ताईने मान हलवली. मग तिला टोचावं लागलं, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिला स्वतःलाच टोचल्यासारखं झालं. रडू मात्र त्या दिवशीही आलं नाही.

पाय वाचला. एक बोट गेलं. चहाच्या एका कपाला दिलेल्या नकाराने ते नेलं, असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. ते नेलं एका कोटवाल्याने, आणि काही न विचारता टाळ्या वाजवणाऱ्या सभागृहाने. कपाट उघडून डिस्क काढून देणाऱ्या बहिणीचाही त्यात वाटा आहे, असं ताई स्वतःच सांगते.

म्हणून एवढंच सांगणं आहे. गेलेल्या माणसाचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघा, त्याच्या नकलांना हसा, त्यात काही वावगं नाही. पण पडद्यावरून, फोटोतून, कोणाच्या अंगातून उत्तर आलं की आधी विचारा, याला खरा प्रश्न कोणता होता, आणि तो कोणी विचारला होता? दुखण्याचा प्रश्न डॉक्टरांना विचारा. ते पूर्ण वाक्यात उत्तर देतात, आणि चुकले तर दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांना जाब विचारता येतो.