बटण नसलेला सूर

मी ॲपचं गाठोडं बांधणारा बोलतोय. जाणकार मला ‘बिल्ड टूल’ म्हणतात. तुम्ही मोबाइलवर ॲप घेता, बोट लावता, ते उघडतं. पण त्याआधी कुणी लिहिलेला कोड, चित्रं, आवाज हे सगळं तपासून, जुळवून एकत्र बांधावं लागतं. ते काम माझं. काही चुकलं की मी लाल अक्षरांत कुरकुर करतो, म्हणून माझं कौतुक सहसा कुणी करत नाही.

मला घडवलं कुठकुठल्या अनोळखी लोकांनी. पण माझं घर म्हणजे मिरजेतल्या रुक्सारचा लॅपटॉप. तिच्याकडे तंबोरे बनतात. आढ्याला भोपळे टांगलेले, आणि लॅपटॉपच्या पंख्यात कायम लाकडाचा भुसा.

माझी एक रीत आहे. ज्याला कुठलंच बटण हाक मारत नाही, ते मी गाठोड्यात घेत नाही. रुक्सारनेच तसं सांगून ठेवलं होतं, कारण ती करत असलेलं ॲप जायचं होतं दादाजींच्या जुन्या मोबाइलवर, आणि त्यात जागा कमी.

दादाजी म्हणजे तिचे आजोबा, रहिमान. त्यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. नंतर आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून रुक्सारने त्यांचाच आवाज ॲपमध्ये भरायला घेतला, एकेका वाक्याला एकेक बटण.

“आवं दादाजी, बोला की. पाणी द्या.”

“पाणी द्या. आनि तुझ्या बापाला सांग, ‘अजीम, तारा लय ओढू नगंस.’”

“त्ये बी ठिवते,” ती हसत म्हणाली.

रेकॉर्डिंग चालूच राहिलं. दादाजींनी नुकताच तयार झालेला तंबोरा जवळ ओढला आणि त्याच्याबरोबर एक लांब षड्ज लावला. ही त्यांच्या घरची रीत. तंबोऱ्याला त्यांनी सूर दिल्याशिवाय त्यावर गवसणी, म्हणजे कापडी खोळ, चढत नसे, आणि गवसणीशिवाय तो दुकानाबाहेर पडत नसे.

पाणी, चहा, दुखतंय, अजीमला दिलेली ताकीद, सगळ्यांना बटणं मिळाली. सुराला मिळालं नाही. आजारी माणसाला गाण्याचं बटण कशाला, असं तिला वाटलं. मी तो सूर बाजूला ठेवून गाठोडं बांधलं.

ऑपरेशननंतर दादाजी घरी आले. येता-जाता अजीमला ताकीद ऐकवायचे आणि गालात हसायचे. मग सांगलीचा एक गवई आपला तंबोरा न्यायला आला. अजीम गवसणी घेऊन पुढे झाला, पण दादाजी तंबोरा सोडेनात.

“आब्बा, मी लावतो सा,” अजीम म्हणाला.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मोबाइल काढून एकेक बटण दाबलं. पाणी. चहा. दुखतंय. शेवटी मोबाइल पालथा ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. गवई रिकाम्या हाताने गेला. त्यानंतर दादाजींनी लाकूड घासायची कानससुद्धा हातात घेतली नाही. मला फार वाईट वाटलं.

रुक्सार दोन दिवस त्यांच्याकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने फोल्डर उघडून तो सूर शोधला, तंबोऱ्याचं चित्र असलेलं एक मोठं बटण केलं, आणि मला म्हणाली, “बांध रं गड्या.” मी एकही लाल अक्षर न उमटवता बांधलं.

दादाजींनी बटण दाबलं. त्यांचा स्वतःचा आवाज खोलीभर झाला. त्यांनी तार छेडली, थांबले, पुन्हा बटण दाबलं. तंबोरा किंचित उतरला होता. त्यांनी तारेतला मणी सरकवला आणि आपल्या आवाजाशी तार मिळवून घेतली. मग गवसणी स्वतः चढवली. अजीम डोळे पुसत गवयाला फोन लावायला गेला.

आता माझ्याहून चलाख अवजारं आली आहेत. रुक्सार मला काढून टाकेल, आणि ते बरोबरच आहे. फक्त पोरी, मला काढण्याआधी तो सूर दुसरीकडे जपून ठेव. दादाजींचा मोबाइल फार जुना झाला आहे, आणि दुकानात अजून पुष्कळ तंबोरे गवसणीची वाट बघत उभे आहेत.