एकशे बारा वाकडी घरं

मी जुना वगैरे काही नाही, मित्रांनो. माझं वय जेमतेम दोन वर्षं. मी वाटूरच्या माळावरचा लोखंडी घुमट आहे. आपली कहाणी सांगताना वस्तू रडतात म्हणे. मी रडणार नाही. मला भंगारात घालायला निघालेली माणसं याच गावात राहतात, रोज माझ्यासमोरून जातात. त्यांनी ऐकावं म्हणूनच बोलतोय.

माझा जन्म कॉम्प्युटरवर झाला. प्रांजली माझी आई. तिचे वडील धुळाजी मेंढ्या राखतात. ती संभाजीनगरला शिकून आर्किटेक्ट झाली. गावातल्या मुलींना अभ्यासाला बसायला जागा नव्हती, म्हणून तिनं मला आखलं. माझ्या पाठीवर एकशे बारा ठिपके टाकले. ज्या ठिपक्याला जी जागा सगळ्यात जवळची, ती त्याची. दोन ठिपक्यांच्या बरोबर मधोमध बांध. झाली एकशे बारा घरं! कुठलं पाच कोनांचं, कुठलं सात. एकासारखं दुसरं नाही. या नक्षीला वोरोनॉय म्हणतात. प्रांजलीनं नुसतं चित्र काढलं नव्हतं, आकड्यांचे नियम बांधले होते. एक आकडा बदलला की सगळे बांध आपोआप सरकायचे. तिनं खाली ठिपके दाट केले, तिथली घरं बारीक आणि मजबूत झाली. वर विरळ केले, तिथं उजेडाला ऐसपैस जागा मिळाली. असं तिनं मला शंभरदा मोडलं आणि शंभरदा घडवलं. तेव्हा मी हूं की चूं केलं नाही, कारण ती माझ्या भल्यासाठीच मोडत होती.

मग बद्रीनाथ वेल्डरनं एकेका घराची लोखंडी चौकट केली. उभा जन्म खिडक्यांच्या ग्रिल करण्यात गेलेला माणूस, पण हात सोन्याचा. प्रत्येक चौकटीवर प्रांजलीनं खडूनं नंबर घातला, म्हणजे कोण कुणाच्या शेजारी बसणार ते कळावं. मग ती चार दिवस शहरात गेली. इकडे आभाळ भरून आलं. चौकटींना गंज चढेल म्हणून बद्रीनाथनं त्या फडक्यानं लखलखीत पुसल्या आणि सगळ्यांना तांबडा रेडऑक्साईड मारला.

प्रांजली परत आली आणि एकेक चौकट उलटीपालटी करून बघू लागली.

"बद्रीकाका, नंबर कुठं गेले?"

"खडूचे? पुसले की. ताई, ग्रिलला कधी नंबर असतेत का? कोनतीबी उचला, कुठंबी बसवा..." बोलता बोलता त्याचं त्यालाच उमगलं. त्यानं डोक्यावर हात मारून घेतला. "अरे देवा! काय करून बसलो मी!"

एकेक बाजू फितीनं मोजायची, कॉम्प्युटरमध्ये शोधायची, तर पंधरा दिवस हवे होते. आणि तो होता मंगळवार. रविवारी याच माळावर कबड्डीचे सामने, आणि चौकटी मैदानभर पसरलेल्या. सामने भरवणारे भागवतराव येऊन एक नजर टाकून गेले.

"हे काय वाकडंतिकडं? एकाचा एकाला मेळ न्हाई! रविवारपोतर उभं करा, न्हाई तर जालन्याच्या भट्टीला पाठवतो. बिलकुल ऐकनार न्हाई."

उचलली जीभ लावली टाळ्याला! वितळून सळया झालो असतो मी, मित्रांनो. सगळ्या सरळ, सगळ्या एकसारख्या. नुसत्या विचारानं अजून संताप होतो.

सांजेला धुळाजी मेंढ्या घेऊन आले. लेक डोळे पुसत बसलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रोज सांजच्याला साठ कोकरं सोडतो अन् ज्याच्या त्याच्या मायीला लावतो. त्याईला कुठं नंबर हायेत?"

"नाना, हे लोखंड आहे."

"असू दे की. बाजू तर हाय ना हरेकाला?"

ते चौकटींमध्ये उकिडवे बसले. एकीच्या कडेवरून बोटं फिरवली, मग दुसरीच्या, तिसरीच्या. दोन चौकटी कडेला कड लावून ठेवल्या. लांबी जुळली, कलही जुळला. प्रांजलीनं घाईघाईनं तेवढ्याच बाजू मोजून कॉम्प्युटरवर पाहिल्या. शेजारीच होत्या! मग काय, धुळाजी जोड्या लावत गेले, ती ताडून बघत गेली, बद्रीनाथ बोल्ट आवळत गेला. तीन ठिकाणी धुळाजी चुकले, तेव्हा स्वतःवरच चिडून दोन शिव्या हासडल्या आणि पुन्हा लागले. बद्रीनाथनं या वेळी नंबर छिन्नीनं ठोकले. आता लावा म्हणावं काय रंग लावायचा तो!

रविवारी सकाळी शेंड्याची शेवटची चौकट उरली आणि ती बोटभर बसेना. खेळाडू येऊन उभे. भागवतराव ओरडले, "ठोक हातोडा जल्दी! न्हाई तर काप तिला!"

"हातोडा नको!" प्रांजली बांबूच्या परांचीवरून खेकसली. "शेजारच्या सहाही घरांचे बोल्ट ढिले करा."

सहाही जणी जरा जरा सरकल्या आणि सातवी अलगद बसली.

राहिले आतले टेकू. ते काढायच्या वेळी सगळा गाव मागं सरला. धुळाजी मात्र उठले आणि थेट माझ्या मधोमध येऊन उभे राहिले.

"नाना, बाहेर या! पडला बिडला तर?"

"काहून पडन? तुहा घुमट हाय ना?"

शेवटचा टेकू निघाला. एकशे बारा घरांनी एकमेकांना गच्च धरलं. मी तसूभर हललो नाही. हलणारच नव्हतो! खाली कोण उभं होतं, ते मला दिसत होतं.

भागवतराव अजून म्हणतात, "खालची घरं कापा, चौकोनी ग्रिल बसवा, दिसाया बरं." चालणार नाही. माझं एक घर काढलंत, तर शेजारची सगळी घरं ढिली पडतील. गंज दिसला तर घासा, रंग द्या, बोल्ट आवळा. तेवढं तुमचं काम. मला सरळ करणं हे तुमचं काम नव्हे, मित्रांनो.

आणि तरीही करवत घेऊन यायचंच असेल, तर या. पण आत बावीस मुली अभ्यासाला बसल्या आहेत. चपला बाहेर काढा आणि जे काय सांगायचं ते आधी त्यांना सांगा.