शंभर टक्के बंद दार

मी फायरवॉल बोलतेय. नाव ऐकून दचकू नका, दिसायला मी एक साधी काळी पेटी आहे, चपलांच्या खोक्याएवढी. घशाच्या एका दवाखान्यात औषधांच्या कपाटावर बसून मी आयुष्य काढलं. बाहेरून दवाखान्याच्या कॉम्प्युटरकडे जे काही येतं, ते माझ्या समोरून येतं. परवानगी असेल तर आत, नसेल तर चालू लाग! एवढंच माझं काम.

मला आणलं डॉक्टरबाईंच्या धाकट्या दिरांनी. दवाखान्यातले कॉम्प्युटर तेच बघायचे. भावोजी मनाने सरळ आणि कामसू, पण मार्कांचे भारी हावरे. इंटरनेटवर एक चाचणी असते. ती बाहेरून माझी दारं ठोठावून बघते आणि सगळी बंद असली की पडद्यावर हिरवी पट्टी दाखवते, 'शंभर टक्के सुरक्षित'. माझं मेलीचं एक दार उघडं असायचं, म्हणून पट्टी कायम पिवळी. भावोजी नापास झाल्यासारखं तोंड पाडून बसायचे. काउंटरवरच्या ताईने तर त्यांचं नावच 'शंभरटक्के' ठेवलं होतं.

आता ते दार उघडं का होतं, ते ऐका. दवाखान्यात भिंतींना जाड गाद्या लावलेली एक छोटी खोली होती. ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागणार, ते पेशंट ऑपरेशनच्या आधी तिथे बसून आपला आवाज भरून ठेवायचे. कुणी नातवाला गोष्ट सांगायचं, कुणी नुसतंच हसायचं. रोज संध्याकाळी डॉक्टरबाईंच्या घरचा कॉम्प्युटर त्या एका दाराशी यायचा, परवलीचा शब्द सांगायचा आणि नव्या आवाजांच्या प्रती घरी घेऊन जायचा. डॉक्टरबाईंनी ही सोय माझ्या आधीच्या पेटीपासून करून ठेवली होती.

भावोजींनी एक दिवस ते दार लावून टाकलं. कशासाठी होतं, हे विचारलंही नाही.

"वहिनी, शंभर टक्के!"

"वा, भावोजी! मिटला बाई एक घोर."

त्या संध्याकाळी घरचा कॉम्प्युटर आला. मी त्याला ओळखत होते हो! पण मी पडले हुकमाची ताबेदार. परत पाठवला. दुसऱ्या दिवशी बिचारा पुन्हा आला, तिसऱ्या दिवशीही. तिकडे घरी त्याच्या पडद्यावर 'जोडणी झाली नाही' अशी पाटी यायची. पण त्या वेळी डॉक्टरबाईंचे सासरे, आबा, त्यावर पत्ते खेळत असायचे. "ही काय ब्याद मध्येच!" असं म्हणून ते पाटी मिटवायचे आणि डाव पुढे चालू.

मग एक बाई आल्या. शाळेत शिकवून शिकवून घसा झिजलेला, आणि आता हे दुखणं. सोबत त्यांचे यजमान, सगळे त्यांना काका म्हणायचे. बाईंनी गादीच्या खोलीत फार काही सांगितलं नाही. "अहो, ऐकलंत का? दिवा मालवा आता. आणि गोळी घेतलीत ना?" रोज म्हणायच्या तेच. काचेबाहेर काका उगाचच चष्मा पुसत राहिले.

ऑपरेशन झालं. बाई वाचल्या, आवाज गेला.

काका आवाज न्यायला येण्याआधीच ताईला एक मेल आली. दिसायला औषधांच्या बिलासारखी.

"शंभरटक्के, उघडू का हो? मला काही बरी वाटत नाही ही."

"बिनधास्त उघड. आपण हिरव्यात आहोत!"

आतल्या माणसाने स्वतःच बोलावलेल्या पाहुण्याला मी अडवत नाही. मला तसं कुणी सांगितलंच नव्हतं. आणि चाचणी? ती बाहेर उभी राहून दारं वाजवते. आत कोण कोणाला बोलावतंय, हे ती विचारतच नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या फायलींना, भरून ठेवलेल्या आवाजांनासुद्धा, परक्याचं कुलूप लागलं होतं.

"घाबरू नका, घरी प्रती आहेत," असं म्हणत डॉक्टरबाई घरी धावल्या. परत आल्या त्या मान खाली घालून. जुने आवाज होते. दार लावल्यानंतरचा एकही नव्हता.

भावोजींनी तशातही चाचणी लावली. पट्टी हिरवीगार!

"वहिनी, बघा ना, अजूनही शंभर टक्केच दाखवतंय..." त्यांना रडू फुटलं होतं.

"भावोजी, आधी तो पडदा बंद करा."

काका आले, तेव्हा डॉक्टरबाईंनी काही लपवलं नाही. काकांनी एवढंच विचारलं,

"सगळंच गेलं का हो? नुसतं 'अहो' तेवढं मिळालं तरी चालेल."

शेजारी बाई बसल्या होत्या, गळ्याला रुमाल बांधून. त्यांनी काकांच्या हातावर हलकेच थोपटलं आणि त्यांना उठवलं.

दुसऱ्या दिवशी भावोजींनी दार उघडलं. बैल गेला नि झोपा केला! आता माझ्या जागी नवी पेटी आली आहे. मी खालच्या कप्प्यात पडून असते, अंगाला माझीच वायर गुंडाळलेली. पण कान शाबूत आहेत. भावोजी आता पट्टीकडे ढुंकूनही बघत नाहीत. रोज घरी फोन करतात, "आबा, आजचे आवाज आले का? एखादा लावून ऐकवा बरं."

लोकहो, आमची चाचणी खुशाल घ्या, दारं तर लागलीच पाहिजेत. पण हिरवी पट्टी बघून हुरळून जाऊ नका. आम्ही कुणाला आत घेतोय आणि कुणाला हाकलतोय, हेही कधीतरी विचारा. माझ्या दारातून रोज संध्याकाळी परत जाणारा तो काही चोर नव्हता. बाईंचं 'अहो' न्यायला आला होता तो.