मोतीरामचा ओळंबा नागपूर पाहतो

मी एक जुना ओळंबा आहे, मित्रांनो, आणि वाकडे मला मुळीच खपत नाही. भिंत सरळ उभी आहे की नाही, हे गवंडी माझ्यावरून पाहतो. माझ्या दोरीच्या वरच्या टोकाला एक लाकडी गुटका आहे आणि खालच्या टोकाला पितळेचा मी. गुटका भिंतीला वर टेकवायचा आणि मला खाली सोडायचे. मी भिंतीला जेमतेम शिवलो तर भिंत सरळ. लांब राहिलो तर ती वरून पुढे झुकलेली. एवढेच माझे शिक्षण, पण त्यात मी कधी चुकलो नाही. याचा मला थोडा गर्व आहे. आहे तर आहे!

पांढुर्ण्याच्या एका लेथवर मला घडवले तेव्हा मोतीराम गवंडी वीस वर्षांचा होता. पुढची चाळीस वर्षे आम्ही दोघांनी मिळून संत्र्याच्या व्यापाऱ्यांची घरे बांधली, तिगावच्या शाळेची खोली बांधली, आमच्या वस्तीतले विहार बांधले. विहाराची भिंत पूर्ण झाली तेव्हा लोक तिच्यावरून हात फिरवून पाहत होते.  त्या दिवशी मोतीरामने मला दोनदा धुतले.

मग त्याचे हात थरथरू लागले. सौंसरला पुंडलिकराव बागायतदारांच्या कंपाउंडचे काम चालू होते. मोतीरामच्या हातात मी स्थिर राहीना, आणि त्याला तर काम थांबवायचे नव्हते. त्याने अंदाजाने विटा लावल्या. भिंत कलली आणि पाडावी लागली. पुंडलिकराव रागावले नाहीत. "मोतीराम, आता आराम करा," एवढेच म्हणाले. रागावले असते तर बरे झाले असते. त्यानंतर तीन वर्षे मी पिशवीत पडून होतो. अंगावर हिरवा कळंक चढला.

यंदा मोतीरामच्या मुलीला, प्रज्ञाला, नागपूरच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचे होते. तिने दवाखान्याजवळ भाड्याची खोली पाहून ठेवली होती. ती दाखवायला बापाला घेऊन निघाली. मोतीरामच्या बायकोने, वत्सलाबाईंनी, पिशवीत भाकरी आणि चटणी ठेवली. मोतीरामने त्यांच्या नकळत मलाही ठेवले.

नागपूरच्या त्या जुन्या गल्लीत शिरल्यावर मी पिशवीच्या तोंडातून पाहिले, आणि माझे डोकेच फिरले. एकही भिंत माझ्या मनासारखी नव्हती! एक घर डावीकडे कललेले, दुसरे त्याच्या खांद्यावर रेललेले. वर वायरींचे जाळे, खाली स्कूटर, हातगाड्या, माणसेच माणसे. मोतीराम मात्र यात्रेला आल्यासारखा मान वर करून चालत होता. लोकांचे धक्के खात तो एका कोपऱ्यापाशी थांबला. तिथली भिंत खालून गोल तासलेली होती.

"पाह्य प्रज्ञा," तो म्हणाला, "बैलगाडीचं चाक घासू नये म्हनून कोपरा तासला. हे काम करनाऱ्यानं सोता गाडी हाकली असन."

"बाबा, चला ना! लोक खोळंबून राह्यले."

पुढे चार फूट रुंदीच्या एका दुकानात खाली चपला शिवणारा बसला होता आणि वर फळ्यांच्या माळ्यावर शिंपी. शिंपी शिडीवरून उतरताना खालचा आपले पाय आवरून घेत होता. दोन घरांच्या मधल्या एकाच दोरीवर दोन्ही घरांचे कपडे वाळत होते. इतक्या कमी जागेत लोकांनी एकमेकांसाठी जागा केली होती. खरे सांगतो, माझा राग थोडा उतरला.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. घरमालकीण पुष्पाबाईंनी कुलूप उघडले. खिडकीत उजेड होता आणि भिंतीलगत खाट होती. प्रज्ञाचा चेहरा फुलला. मोतीराम त्या भिंतीकडे बघत राहिला. मग त्याने मला बाहेर काढले आणि गुटका भिंतीला टेकवला. मी डोलत राहिलो. थांबायची माझी किती इच्छा होती! पण वरचा हात थांबत नव्हता.

"भाऊ, चाळीस वर्षांपासून उभी हाय थे भिंत," पुष्पाबाई हसल्या. "तुमचा हातच हालून राह्यला, तर ओळंबा काय सांगन?"

"राहू द्या ना, बाबा," प्रज्ञा हळूच म्हणाली. तिला ती खोली हवी होती.

मोतीरामने दोरी गुंडाळायला घेतली. त्याच्या मनात सौंसरची भिंत आली असणार, कारण माझ्या तर आली. मग तो थांबला आणि मी त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते ते बोलला.

"पोरी, माह्या हाताचा आता मलेच भरोसा नाई. तू धर."

 प्रज्ञा खाटेवर चढली आणि गुटका भिंतीला टेकवून धरला. मी एकदा फिरलो, दोनदा फिरलो आणि शांत झालो. भिंतीपासून लांब. मोतीराम खाली वाकला आणि माझ्या व भिंतीच्या मध्ये बोटे घातली. एक, दोन, तीन.

"शेजाऱ्यानं वर मजले चढवले," तो म्हणाला. "त्याचा भार इकडं येऊन राह्यला. खाटेवर पडन हे."

पुष्पाबाईंचे हसू गेले.  "याच्या खालच्या खोलीत माहा नातू निजते, भाऊ." मग त्यांनी जिन्यातून मुलाला हाक मारली, "श्रावण! पोराचं अंथरून तिथून उचल, आत्ताच्या आत्ता!" मोतीरामकडे वळून त्या म्हणाल्या, "भिंत कशी उतरवाची थे तुमीच सांगा. तुमी सांगसान तसंच करू. अन् पोरगी तोवर माह्याजवळ राहीन, समोरच्या खोलीत."

समोरच्या खोलीच्याही चारी भिंतींना प्रज्ञाने मला लावून पाहिले. त्या सरळ होत्या.

संध्याकाळी स्टेशनवर मोतीरामने मला तिच्या हातात दिले. "तूच ठेव. माह्या काय कामाचा?" तिने मला परत त्याच्या पिशवीत घातले. "तुमचा हाय, तुमच्यापाशीच राह्यन. पाहाचं तुमी. दोरी धराले मी येत जाईन."

मित्रांनो, थरथरत्या हाताने कोणी तुम्हाला काही दाखवू लागले, तर हसण्याची घाई करू नका. दोरी जरा आपल्या हातात घ्या आणि मी थांबेपर्यंत थांबा.