भिंत सरकेपर्यंत

मी बॅटरी बोलतेय. सहा वर्षं एका लॅपटॉपच्या पोटात काढली, आता खिडकीतल्या पत्र्याच्या डब्यात पडलेय. फुगलेय म्हणून हसू नका. का फुगले ते आधी ऐका.

नवी होते तेव्हा पाच-पाच तास एकटीने गाडा ओढायचे. पण या घरात लॅपटॉप टेबलावरून कधी हललाच नाही. कायम वायर लावलेली. बसून बसून माझ्या अंगातला जोर गेला. चाळीस टक्के दाखवायचे आणि थोड्याच वेळात डोळे मिटायचे. मग घरातला धाकटा येईल-जाईल त्याला सांगायचा, "ती मेलीय, नुसती नावाला आहे." जिवंतपणी असं ऐकून घ्यावं लागतं हो!

लॅपटॉप एकच, पण त्यात दोन बिऱ्हाडं. माझी शेजारीण डिस्क, तिच्या मधोमध एक भिंत. अलीकडे विंडोज, ते ताईचं. पलीकडे लिनक्स, ते तिच्या धाकट्या भावाचं. ताई अंध मुलांच्या शाळेत शिकवते. मुलांना ऐकता यावेत म्हणून तिने धडे स्वतःच्या आवाजात वाचून ठेवलेले. दोनशे चौदा धडे, दोन वर्षांचं काम. दारं-खिडक्या लावून, लॅपटॉपचा पंखा शांत व्हायची वाट बघत एकेक वाचलेला. परीक्षा तोंडावर आली होती, शुक्रवारी सगळे धडे शाळेत द्यायचे होते.

धाकटा नकाशे बनवायच्या ऑफिसात कामाला. त्याचे नकाशे म्हणजे अवाढव्य. त्याची बाजू गच्च भरली, आणि ताईच्या बाजूला मोकळी जागा लोळत पडलेली. रविवारी सकाळी ताई बाजारात गेली आणि या पठ्ठ्याच्या मनात आलं, भिंत जरा तिकडे सरकवावी. विचारायचं कशाला? तिला कळणारसुद्धा नाही!

त्याने पेनड्राइव्ह लावून काम सुरू केलं. 'आधी सगळ्याची नक्कल काढून ठेवा,' असं स्क्रीनवर आलं. नक्कल ठेवायची वेगळी डिस्क तो ऑफिसातच विसरला होता. त्याने एकदा दाराकडे बघितलं आणि 'पुढे' दाबलं.

भिंत सरकवायची म्हणजे ताईचं टोकाकडचं सामान उचलून आत आणायचं. तासाभराचं काम. निम्मं झालं असेल-नसेल, धाकटा फोनमध्ये डोकं खुपसून बसलेला, तेवढ्यात आई खोलीतून गेली. आईला एक खोड आहे, जाता जाता दिसेल ते बटण बंद करायचं. "उगाच चालू कशाला?" म्हणाली आणि खट्!

चार्जरचा दिवा गेला. सगळा भार माझ्यावर आला.

"अगं, आत्ता मला सोडू नकोस," डिस्क कळवळून म्हणाली. "माझ्या दोन्ही हातांत धडे आहेत. वीज गेली तर काय कुठे ठेवलं ते मलाच सांगता यायचं नाही."

"मी मेलेय म्हणतात."

"म्हणू देत. तू धर."

मी धरलं. वायर असूनही हल्ली मी अर्धीच भरायचे. एक्केचाळीस टक्के. चौतीस. आणि दार उघडलं.

"काय करतोयस रे?" ताईने विचारलं.

"काही नाही. थोडी जागा..."

"कुणाची जागा?" पिशवी तशीच तिच्या हातात. "माझ्या धड्यांना हात लावलास?"

"फक्त सरकवतोय. तुझी बाजू रिकामीच होती ना!"

"रिकामी होती म्हणून तुझी झाली? एका शब्दाने विचारता येत नव्हतं?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते! नक्कल कुठाय?"

त्याची मान खाली.

इकडे सव्वीस. एकोणीस. स्क्रीनच्या कोपऱ्यात मी लालबुंद झाले, पण बघतंय कोण? तिचं लक्ष त्याच्याकडे, त्याचं फरशीकडे. अरे, भांडा नंतर! पण ओरडायला मला तोंड कुठाय? मी अंग चोरलं, तसं मशीन मंदावलं. नऊ.

"थांब!" ताई एकदम म्हणाली.

"ताई, ऐक तरी..."

"गप्प बस. पंखा ऐक. मंद झालाय. काम चालू असताना तो असा कधी मंदावत नाही."

दोन वर्षं त्या पंख्याच्या थांबण्याची वाट बघितलेली बाई ती. तिच्या कानाला तो पाठ होता. धाकट्याने स्क्रीन बघितला आणि पांढराफटक पडला. "तीन टक्के! ताई, वायर बघ!"

ती वायर चाचपत टेबलाखाली शिरली, तशीच समोरच्या भिंतीपर्यंत पोचली. "बटण बंद आहे रे!" खट्.

माझे दोन टक्के उरले होते. तेही खरे की खोटे, देव जाणे. मी तरी कधी खरं सांगितलंय?

आई धावत आली. "मीच बंद केलं. मला काय माहीत?"

"तुला सांगितलंच नव्हतं, आई," धाकटा म्हणाला. "कुणालाच सांगितलं नव्हतं."

काम संपेपर्यंत तिघंही तिथेच जमिनीवर बसून राहिली. मग ताईने विंडोज उघडलं. पहिला धडा लावला, मग शेवटचा, मग मधलाच एक. तिन्ही खणखणीत वाजले. धाकट्याने तोंड झाकून घेतलं आणि रडला.

"रडून भागायचं नाही," ताई म्हणाली. "राहिलेले दोनशे अकरा तू ऐकायचेस. शुक्रवारच्या आत. एक शब्दही गाळायचा नाही."

त्या दिवशी मी जे ओढलं ते माझ्या वयाला झेपणारं नव्हतं. दोन दिवसांत अशी फुगले की वरची कीबोर्डची बटणं उचलली गेली. धाकट्याने मला हलक्या हाताने बाहेर काढलं. "हिला मी मेलीय म्हणायचो," तो म्हणाला. मला तेवढंही पुष्कळ झालं.

आता लॅपटॉप नुसत्या वायरवर चालतो. भिंतीवरच्या त्या बटणावर आईने कागद चिकटवलाय, 'विचारल्याशिवाय हात लावू नये.' लिहिला तिने स्वतःसाठी, पण धाकटा बसतो तिथून तो अगदी समोर दिसतो. परवा त्याने ताईला विचारलं, "तुझ्या बाजूला एक फाइल ठेवू का गं?" ताई म्हणाली, "ठेव."

आज गुरुवार. जुन्या बॅटऱ्या जमा करतात तिकडे मला आता नेणार आहेत. मला टोचू नका, कचऱ्यात टाकू नका, एवढंच सांगणं. आणि जरा थांबा. धाकट्याचा दोनशे अकरावा धडा चाललाय. तो वाचताना ताईला घाई होती वाटतं, तिच्या आवाजामागे पंखा ऐकू येतोय. तेवढा संपू द्या, मग न्या मला.